नकाराला पाय लागतात

उन्हात तापलेल्या लोकरीचा वास चटकन ओळखू येत नाही. आधी धूळ जाणवते, मग घोंगडीला दिलेल्या चिंचोक्याच्या खळीचा किंचित आंबूसपणा, आणि या दोहोंच्या तळाशी मेंढरांच्या अंगाची ती जुनी, तेलकट ऊब. साताऱ्यातल्या आमच्या कार्यालयाच्या जिन्यावरून हा वास वर येऊ लागला की कागदावरची मान न उचलताही मला कळत असे, बनाक्का आल्या. काखेत घोंगडीचा हातभर तुकडा, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, आणि पायांत माणदेशाच्या सगळ्या रंगांची माती बसलेल्या चपला. कार्यालयातल्या खुर्चीवरही त्या तो तुकडा अंथरूनच बसत. "परक्या बैठकीवर आपलं कायतरी आसावं," असे त्यांचे म्हणणे.

आमचे प्रतिष्ठान शिक्षण, संस्कृती, आरोग्य आणि खेळ यांसाठी मदत करते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून अर्ज येतात. प्रत्येक विषयाची एक समिती आहे, आणि प्रत्येक समितीत आयुष्यभर प्रामाणिकपणे नोकरी केलेली, चहात साखर कमी घेणारी माणसे आहेत. मला तिथे घेतले ते शब्दांसाठी. मी कवितेवर पदव्युत्तर अभ्यास केला होता. मानपत्रे, स्मरणिका, आभाराची पत्रे माझ्याकडे आली. बनाक्कांच्या नेमणूकपत्रावर 'क्षेत्रभेट कार्यकर्ती' असे लिहिलेले होते. जत तालुक्यातल्या मेंढपाळ घरातल्या त्या लेकीने उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून नोकरी पुरी केली होती आणि निवृत्तीनंतर त्या आमच्याकडे आल्या होत्या. पण नेमणूकपत्रात त्यांचे खरे काम लिहिलेले नव्हते. ज्यांचा अर्ज नाकारला गेला, त्यांच्या घरी जाऊन तसे तोंडाने सांगणे हे ते काम होते.

होकार टपालाने जाई. नकार बनाक्का नेत.

"होय कसंबी पोचतंय, बाई," त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितले. "पाकिटातनं जाऊ द्या, फोनवर सांगा, नायतर कावळ्याच्या चोचीत द्या. पर न्हाईला पाय लागत्यात."

हे त्यांना कुठून सुचले ते कळायला मला बराच काळ लागला. त्या स्वतःविषयी फार बोलत नसत. एकदा एस.टी.ची वाट पाहताना निवांतपणा मिळाला तेव्हा त्यांनी सांगितले. नोकरीत असताना त्या एका वस्तीवर लसीकरणाला गेल्या होत्या. तिथल्या म्हाताऱ्या जोडप्याने त्यांना देव्हाऱ्यापाशी नेले. देव्हाऱ्यात, टाकांच्या शेजारी, एक पत्र ठेवलेले होते. कुठल्याशा संस्थेकडे म्हातारीच्या ऑपरेशनसाठी मदत मागितली होती, तिचे उत्तर. वर समईचे चित्र, खाली गोल शिक्का. दोघांनाही वाचता येत नव्हते. पण एवढ्या देखण्या कागदावर कुणी वाईट लिहील असे त्यांना वाटलेच नाही. रोज त्यावर हळद-कुंकू वाहिले जात होते.

"मला म्हणली, वाचून दावा, कवा बोलवलंय ते," बनाक्का म्हणाल्या. "मी वाचलं. अक्षरावर हळद सांडल्याली. बोटानं झाडून झाडून वाचत हुते आन् आतनं न्हाईच निघत हुतं." मग गाडी आली तेव्हा त्या माझ्या आधी चढल्या.

त्यांच्या काही रीती होत्या. नकार सांगायचा तो ज्याने अर्जावर सही केली त्यालाच. बापाला नाही, सरपंचाला नाही, मध्यस्थाला तर नाहीच. सांगण्याआधी त्या घरचे पाणी घ्यायचे नाही. "पोटात त्यांचं पाणी घालून न्हाई म्हणायचं म्हंजी खाल्ल्या घरचं वासं मोजायचं." आणि सांगून झाल्यावर मात्र त्या घराने पाणी देईपर्यंत उठायचे नाही. शिव्या दिल्या तरी बसायचे, दार लावून घेतले तरी अंगणात बसायचे. पाणी आले की नकार पोचला असे त्या समजत. समिती काहीही समजो.

पूर्वेकडच्या गावांत यामुळे त्यांची एक विलक्षण ख्याती झाली होती. बनाक्का एस.टी.तून उतरल्या की पारावरची माणसे एकमेकांकडे बघत. विट्याजवळच्या एका गावी त्या भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. नवे लुगडे, केसांत अबोली, हातात आहेराची पिशवी. मांडवात एक गृहस्थ त्यांच्यासमोर येऊन हात जोडून उभे राहिले. मुलाच्या शिक्षणासाठी त्यांच्या घरचा अर्ज होता.

"आक्का, सांगून टाका एकदाचं. आक्षता पडायच्या आदी सांगा, म्हंजी जेवायचं का न्हाई ते ठरवतो."

"आरं बाबा, नवरीची मावशी हाय मी! जेव पोटभर."

"म्हंजी काम झालं व्हय?"

"मला काय ठावं? आन् सही तुज्या पोराची, तुजी न्हवं. टपालाची वाट बघा. टपाल आलं न्हाई तर मी हायेच की."

हा प्रसंग त्या स्वतः हसत हसत सांगत, पण सांगून झाल्यावर म्हणत, "बिचारा जेवला का न्हाई ते बघायचं ऱ्हाऊनच गेलं."

आटपाडीकडच्या एका गजी मंडळाने नव्या ढोलांसाठी अर्ज केला होता. धनगरांचे गजी नृत्य, त्याचे जुने ढोल फुटलेले. संस्कृती समितीने अर्ज नाकारला, कारण मंडळाची नोंदणी नव्हती. मंडळाचा म्होरक्या, ऐंशीच्या घरातला म्हातारा, नकार ऐकून उसळला. "नोंदणी? माज्या आज्ज्यानं ढोल घेतला तवा तुज्या हापिसाच्या आज्ज्याचा तरी पत्ता हुता का गं?" आणि गळ्यात तोच फुटका ढोल अडकवून तो बनाक्कांच्या समोर वाजवू लागला. त्या घोंगडीवर बसून राहिल्या. दुपार कलली. अखेर म्हाताऱ्याचे हात थकले.

"आता तरी जाशील का न्हाई?"

"पाणी द्या, जाते."

"कसली चिवट बाई हाईस गं तू!" म्हणत त्याने तांब्या आणला.

पुढच्या बैठकीत बनाक्कांनी समितीसमोर घोंगडी अंथरली आणि म्हणाल्या, "त्यांची नोंदणी मी आईकून आलेय. कान आजून वाजत्यात." ती अट नंतर गेली. पण हे लिहिताना मला सावध राहिले पाहिजे. कारण अटी जाव्यात म्हणून बनाक्का नकार नेत नव्हत्या. बहुतेक नकार नकारच राहिले.

त्यातला एक नकार माझ्यामुळे अधिक जड झाला.

त्या वर्षी खेळाच्या समितीने दिघंचीच्या पलीकडच्या एका गावातल्या निकिता नावाच्या मुलीची शिफारस केली होती. लांब पल्ल्याची धावपटू, अकरावीतली. निवड झाली असती तर सांगलीचे वसतिगृह, प्रशिक्षक, बूट, खुराक, सारे मिळणार होते. फक्त वैद्यकीय तपासणीचा अहवाल यायचा होता. माझ्यावर स्मरणिकेचे काम होते आणि छपाईवाला घाई करत होता. मी तिच्या मुख्याध्यापकांना फोन करून तिचा धावतानाचा फोटो मागवला. फोटो तासाभरात आला. माळावरची लाल माती, मागे पवनचक्क्या, आणि दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेली ती. मी तो फोटो बराच वेळ पाहत राहिले होते. पण फोटो मागवला याचा अर्थ गावाने काय घेतला असेल, हे माझ्या मनाला शिवलेही नाही.

आठवड्याने अहवाल आला. निकिताच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. धावणे बंद.

बनाक्का माझ्या टेबलापाशी आल्या. "उद्या सकाळची आटपाडी गाडी. तुमी येताय."

"मी कशाला, बनाक्का?"

"आशा कुणी लावली?"

गावाच्या फाट्यावर उतरलो तर समोरच फलक. आमच्याकडच्या गावांत निकालाआधी फ्लेक्स लागतो. निकिताचा तोच फोटो, माणसाहून मोठा. वर 'हार्दिक अभिनंदन', खाली गॉगल लावलेल्या शुभेच्छुकांची गोल गोल तोंडे. बनाक्कांनी तो सगळा वाचला, शेवटी छापणाऱ्याचे नावसुद्धा. मग "रंग बरा लागलाय" एवढेच म्हणून त्या चालू लागल्या. डाळिंबाच्या बागांमधून जाणारी ती पाऊलवाट मला आजही तळव्यांना आठवते. वारा नव्हता. दूरवर हलगी वाजत होती आणि ती आमच्यासाठी वाजत होती.

अंगणात गाव जमले होते; प्रतिष्ठानाची माणसे येणार एवढेच त्यांना कळवलेले होते. हलगी तापवायला पेटवलेल्या पाचटाचा गोडसर धूर तरंगत होता. निकिताचे चुलते गुलाबी फेटा घेऊन पुढे आले.

"आवं आक्का, आदी फेटा, मग बोलणं!"

"नगं. फेटा बांदल्यावर मला तोंड उगडायचं न्हाई. ती हलगी थांबवा जरा."

हलगी थांबली. बनाक्कांना ओळखणारी एक-दोन माणसे तिथे असावीत. त्यांचे चेहरे तेव्हाच उतरले. बनाक्कांनी घोंगडी अंथरली आणि मुलीला समोर बसवले. फोटोतल्यापेक्षा ती लहान दिसत होती. केसांना नवी रिबीन होती.

"अर्जावर सही तुजीच न्हवं, बाळ?"

"व्हय."

"मग तुला सांगते. बाकीच्यांनी आईकलं तर आईकू दे. न्हाई झालं."

रिबिनीकडे गेलेला निकिताचा हात तिथेच थांबला.

"का?"

"डाक्टरनी तपासलंय. काळजाची येक झडप नीट मिटत न्हाई. पळायचं न्हाई, आसं लिवलंय त्यांनी."

"मला काय हुत न्हाई. साफ खोटं हाय ते."

उंबऱ्यातून आवाज आला. तिची आई. "हुतंय. पळून आली की भिताडाला टेकून बसती. मला शपथ घातलीया कुणाला बोलू नगंस म्हणून."

"आये!" त्या एका हाकेत इतका राग आणि इतकी भीती होती की आई पुन्हा आत गेली.

मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. "पण मॅडम, फोटो तर तुम्हीच मागवलात ना? म्हणून आम्ही…"

मी बनाक्कांकडे पाहिले. त्या घोंगडीचा एक धागा सरळ करत होत्या. मला उठून बोलावे लागले. चूक माझी आहे, निर्णय होण्याआधी मी फोटो मागवला, घाई केली. अशा प्रसंगासाठी भाषेत शब्द आहेत असे मला वाटत आले होते. त्या दिवशी ते पाचटाच्या राखेसारखे हलके निघाले.

निकिता माझ्याकडे पाहत होती. "फोटू आवडला व्हता का तुमाला?"

"हो."

"मग झालं की."

मुख्याध्यापकांना हे असह्य झाले असावे. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू की गं, निकिता…"

"मास्तर," बनाक्का म्हणाल्या, "पुडचं वर्स तुमच्या खिशात हाय का? असंल तर काडा, न्हाईतर तिला दावू नगा."

माणसे एकेक करून पांगली. हलगीवाल्याने हलगी पाठीवर टाकली. आम्ही बसून राहिलो. सावली घोंगडीवरून सरकून गेली, एक शेळी येऊन तिची कड चघळू लागली आणि बनाक्कांनी तिला हाकलले नाही. निकिता कधी उठून गेली ते मला कळले नाही. परत आली तेव्हा तिच्या खांद्यावर तो फ्लेक्स होता, गुंडाळलेला, काठ्यांसकट. तिने तो शेळ्यांच्या छपरावर पसरला. चित्र खाली, पांढरी बाजू वर. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. मग घरात जाऊन तांब्या आणला आणि तो बनाक्कांसमोर धरला.

बनाक्का पाणी प्यायल्या. तोंड पुसले. "आता दुसरं सांगते. ह्या झडपेचं जे काय करायचं ते आमच्या आरोग्यवाल्यांनी करायचं ठरलंय. सांगलीच्या दवाखान्यात. पर ते तुज्या अर्जाचं उत्तर न्हवं. ते येगळं हाय. तुजं उत्तर न्हाई हेच."

मला पाणी मिळाले नाही.

परतीच्या गाडीत मी विचारले की उपचारांचे आधी का नाही सांगितले. घाव थोडा कमी लागला असता. बनाक्का म्हणाल्या, "न्हाईला गूळ लावला की माणूस गूळ चाटत बसतंय. न्हाई पोटात जातच न्हाई." थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, त्या पुढे म्हणाल्या, "तुमाला पाणी न्हाई दिलं तिनं. मी माज्यातलं दिलं असतं, पर मग तुमची नुसती तहान गेली असती." म्हसवड गेले. खिडकीबाहेर उजाड माळावर पवनचक्क्या फिरत होत्या. बनाक्का स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "आदी तपासाय पायजे हुतं. निवडायच्या आदी. पोरगी पळाय लागायच्या आदी."

निकिताचे ऑपरेशन व्यवस्थित झाले. ती आता विट्याला कॉलेजात शिकते, धावत नाही. हे मला बनाक्कांकडून कळले. तिच्याकडून कधीच काही कळले नाही, आणि ते तसेच योग्य आहे.

मग प्रतिष्ठानाचे काम ऑनलाइन झाले. अर्ज मोबाइलवरून येऊ लागले, निर्णय मोबाइलवर जाऊ लागले. नवे विश्वस्त सज्जन आहेत; ते मनापासून म्हणाले, "आक्का, आता तुमच्या पायांना विश्रांती." नकाराच्या संदेशाचा मजकूर मी लिहिला. 'आपला अर्ज नामंजूर करण्यात आला आहे याचा आम्हाला खेद वाटतो.' नम्र, निर्दोष वाक्य. बनाक्कांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले.

"ह्याच्यात खेद कुणाला वाटतोय, बाई?"

"प्रतिष्ठानाला."

"त्यो कुठं ऱ्हातोय?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. महिन्याअखेरीस घोंगडीची घडी काखेत मारून त्या जतकडच्या आपल्या गावी निघून गेल्या.

वर्षभराने त्यांचा अर्ज आला. सुनेने मोबाइलवर भरलेला, पण सही बनाक्कांची, उपकेंद्राच्या नोंदवहीत असायची तशी उभी, टोकदार. पूर्वेकडच्या पाच शाळांतल्या मुलींची हृदये दर वर्षाच्या सुरुवातीला डॉक्टरांकडून तपासून घ्यावीत, खेळासाठी त्यांची निवड होण्याआधी, एवढीच मागणी. कारणाच्या चौकटीत एकच ओळ होती: 'पोरगी पळायला लागल्यावर सांगणे फार अवघड जाते.' इतक्या वर्षांत त्यांनी स्वतः होऊन मागितलेली ही एकच गोष्ट होती.

मी बैठकीत बोलले. चांगले बोलले असे सगळ्यांनी सांगितलेही. पण त्या वर्षीचा आरोग्याचा आराखडा शहरातल्या केंद्रासाठी ठरून गेला होता आणि अर्ज त्यात बसला नाही. निर्णयाची नोंद झाली की संदेश आपोआप जातो. तो थांबवता येत नाही असे मला सांगण्यात आले. तो माझ्याच वाक्यात जाणार होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरून मी सांगलीला गेले, तिथून जतची. गावात उतरले तेव्हा उन्हे डोक्यावर होती. माळावर मेंढरांचा कळप संथपणे सरकत होता आणि त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज उन्हातच विरून जात होता. घराच्या कोपऱ्यावर सून भेटली. तिने मला ओळखले.

"आवं बाई, येवढ्या लांब कशापायी आलासा? मेसेज कालच सांच्याला आलाय की. मीच वाचून दावला त्यास्नी."

"काही म्हणाल्या?"

"कायबी न्हाई. जेवल्या न्हाईत तेवढं."

बनाक्का अंगणात लिंबाखाली बसल्या होत्या. पाय सुजलेले, पुढे पसरलेले. मांडीवर मोबाइल. मला पाहून त्यांनी हसून वगैरे स्वागत केले नाही. मोबाइल उचलून पाठीमागे ठेवला. पाय कष्टाने जवळ घेतले, पदर सारखा केला. मी त्यांच्या समोर जमिनीवर बसले. इतक्या अंगणांत त्या सांगायला बसल्या होत्या. ऐकायला बसलेले मी त्यांना कधीच पाहिले नव्हते. ऐकायला बसलेली माणसे बसतात तशाच त्या बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर, तळवे वर.

"बनाक्का, तुम्हाला कळलंच आहे…" मी सुरुवात केली.

मागून सून म्हणाली, "कळलंय की त्यास्नी, काल—"

बनाक्कांनी हात वर करून तिला थांबवले. मग डोळे माझ्या डोळ्यांना भिडवले आणि, जणू जगातली कुठलीच बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचली नव्हती, म्हणाल्या,

"सांगा."